पर्समधली ती टॉर्च

(युवक-युवतींच्या अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



आयोजकांनी मला ‘स्वसंरक्षण आणि कायदा’ असा विषय दिला आहे. जेवणानंतरचं सत्र, त्यात बोलणारी बाई वकील. कलमं वाचायला सुरुवात केली तर मागच्या दोन रांगा झोपतील हे मला माहीत आहे. म्हणून मी कलमांपासून सुरुवात करत नाही. एका टॉर्चपासून करते.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक मुलगी आली. मुलगी म्हणते, पण तिला दोन लेकरं आहेत. नवऱ्यापासून वेगळी, आईकडे राहते. तालुक्याच्या गावात एका खासगी दवाखान्यात काम करते. रात्री आठला सुटते आणि चालत घरी जाते. नवरा अधूनमधून दवाखान्याच्या फाटकाबाहेर मोटारसायकल लावून उभा असायचा. कधी नुसता बघायचा, कधी अडवायचा, एकदा तिचा हात पिरगाळला. ती पोलीस ठाण्यात तीनदा जाऊन आली होती. तिथं सांगितलं, नवरा-बायकोचं आहे, घरात मिटवा. जमातीतल्या बुजुर्गांकडे तिची आई गेली. ते म्हणाले, सबर करा.

बोलता बोलता तिनं पर्समधून एक काळी टॉर्च काढली आणि टेबलावर ठेवली. म्हणाली, “आपा, भावानं ऑनलाइन मागवून दिलीय. बघा.” तिनं बाजूचं बटण दाबलं. पुढच्या दोन टोकांमध्ये निळी ठिणगी उडाली आणि तडतड असा आवाज आला. माझा कारकून दचकून उठला. ती स्टनगन होती.

मग तिनं मला साधा प्रश्न विचारला. “आपा, ही पर्समध्ये ठेवली तर माझ्यावर गुन्हा होतो का?”

मी इतकी वर्षं वकिली करते आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी म्हटलं, “बेटा, सोमवारी ये. मी वाचून ठेवते.” त्या शनिवार-रविवारी मी जे वाचत गेले त्यात एक अमेरिकेतला खटला सापडला. तो वाचताना मला सारखं वाटत होतं की ही आपल्याच मुलीची गोष्ट आहे, फक्त गाव वेगळं. आज तीच गोष्ट तुम्हाला सांगायची आहे. कारण एखादी वस्तू विकण्यावर, बाळगण्यावर सरकारनं बंधन घालावं का, घालावं तर कसं, हा प्रश्न त्या खटल्यात अगदी उघडा पडतो.

आधी वस्तू समजून घेऊ. स्टनगन अंगाला टेकवावी लागते. बटण दाबलं की झटका बसतो, वेदना होते, माणूस मागे हटतो. त्यात व्होल्टेज प्रचंड असतं, करंट अगदी कमी. टेझर हा तिचा भाऊबंद. त्यातून तारा जोडलेले दोन काटे सुटतात, ते लांबूनच कपड्यात किंवा कातडीत रुततात आणि स्नायू आखडून माणूस खाली पडतो. टेझर शोधणारे जॅक कव्हर हे अमेरिकेच्या अंतराळ संशोधनात काम केलेले शास्त्रज्ञ. १९७०च्या दशकात त्यांनी ते बनवलं. सुरुवातीच्या टेझरमध्ये काटे उडवायला बंदुकीची दारू वापरत, त्यामुळे तिथल्या केंद्र सरकारनं त्याला बंदूकच मानलं. पुढे दारूच्या जागी दाबाखालचा वायू आला आणि ते उपकरण केंद्राच्या बंदूक-कायद्यातून बाहेर पडलं. साध्या स्टनगनमध्ये तर उडण्यासारखं काहीच नाही. मग तिचं काय करायचं हे प्रत्येक राज्यानं आपापलं ठरवलं. बहुतेक राज्यांनी ती विकू दिली, बाळगू दिली. पाच राज्यांत मात्र बंदी राहिली. त्यांत एक होतं मॅसॅच्युसेट्स.

मॅसॅच्युसेट्सचा कायदा कडक होता. पोलिसांसारखे अपवाद सोडले तर कोणीही विजेचा झटका देणारं असं उपकरण बाळगायचं नाही. परवान्याची सोयच नव्हती. दंड ५०० ते १००० डॉलर किंवा सहा महिने ते अडीच वर्षं कैद.

२०११ मध्ये त्या राज्यातल्या ॲशलँड नावाच्या गावात एका सुपरमार्केटमधून पोलिसांना फोन गेला, चोरीचा संशय आहे म्हणून. पोलीस आले, एका बाईची पर्स तपासली. तिनंच तपासायला परवानगी दिली होती. पर्समध्ये स्टनगन निघाली. ती म्हणाली, ही माझ्या बचावासाठी आहे. पोलिसांनी तिला स्टनगन बाळगल्याबद्दल अटक केली.

तिचं आडनाव काएतानो. गोव्याच्या लोकांना हे नाव ओळखीचं वाटेल, पोर्तुगीज आहे. खटला त्याच नावानं प्रसिद्ध आहे, ‘काएतानो विरुद्ध मॅसॅच्युसेट्स’. तिची हकिकत अशी. तिच्या मुलांच्या बापानं, म्हणजे पूर्वीच्या जोडीदारानं, तिला इतकं मारलं होतं की तिला इस्पितळात जावं लागलं होतं. तिनं कोर्टातून त्याच्याविरुद्ध एक नाही, अनेक मनाई हुकूम मिळवले. तो ऐकत नव्हता. शेवटी एका ओळखीच्या माणसानं तिला स्टनगन दिली. एका रात्री ती कामावरून सुटली तर तो बाहेर उभा. ओरडायला लागला की तू घरी मुलांजवळ असायला पाहिजेस, इथं काम करायचं नाही. तो तिच्यापेक्षा जवळजवळ फूटभर उंच आणि वजनानं शंभर पौंडांनी, म्हणजे सुमारे ४५ किलोंनी जास्त. तिनं स्टनगन बाहेर काढली आणि बजावलं की निघून गेला नाहीस तर मला ही वापरावी लागेल. तो घाबरला आणि निघून गेला. तिनं ती वापरलीसुद्धा नाही. नुसती दाखवली.

आता बघा, या सगळ्या गोष्टीत कायद्यानं पकडलं कोणाला? मनाई हुकूम मोडणारा माणूस फाटकाबाहेर उभा राहू शकत होता. जिला मारलं ती आरोपी झाली. कारण कायद्यानं वस्तूकडे पाहिलं. ती कोणाच्या हातात आहे आणि का आहे, हे विचारायला त्या कायद्यात जागाच नव्हती.

ती खालच्या कोर्टात हरली. २०१५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातही हरली. तिथल्या राज्यघटनेची दुसरी दुरुस्ती १७९१ची. तिच्यात शस्त्र बाळगण्याचा हक्क आहे. राज्याच्या न्यायालयानं म्हटलं की ती दुरुस्ती झाली तेव्हा स्टनगन नव्हती, ती अगदी आधुनिक वस्तू आहे, शिवाय सैन्याच्या कामाचीही नाही, त्यामुळे हक्काचं संरक्षण तिला मिळत नाही. मार्च २०१६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं हा निकाल रद्द केला. निकालपत्र जेमतेम दोन पानांचं. न्यायालय म्हणालं, आम्ही २००८ मध्येच सांगितलंय की घटना लिहिली तेव्हा जी हत्यारं होती तेवढ्यांपुरता हा हक्क नाही. प्रकरण परत पाठवलं आणि त्याच वर्षी तिची त्या गुन्ह्यातून सुटका झाली.

त्याच निकालाला न्यायमूर्ती ॲलिटो यांनी स्वतंत्र टिपण जोडलं आहे. ते मोठं आहे आणि तुमच्यापैकी कायदा शिकणाऱ्यांनी ते जरूर वाचावं. त्यातले दोन मुद्दे सांगते. एक, मॅसॅच्युसेट्समध्ये परवाना काढून पिस्तूल घेता येत होतं, पण स्टनगन कोणत्याही अटीवर घेता येत नव्हती. म्हणजे सरकार त्या बाईला सांगत होतं की जीव घेणारं हत्यार चालेल, झटका देणारं चालणार नाही. दुसरा, पुष्कळ माणसांना कोणाचा जीव घ्यायचा नसतो. धर्मामुळे, नीतीमुळे, किंवा चुकून भलत्यालाच गोळी लागेल या भीतीमुळे. तो माणूस तिच्या मुलांचा बाप होता. त्याला ठार मारायची इच्छा नसलेल्या बाईला कायद्यानं कोणता मार्ग ठेवला होता?

इथं मला थांबून एक गोष्ट स्पष्ट करायची आहे. मी अमेरिकेच्या बंदूक-संस्कृतीची भक्त नाही. त्या देशात २०२१ या एका वर्षात ४८ हजारांहून जास्त माणसं बंदुकीनं मेली. त्यातल्या निम्म्याहून जास्त आत्महत्या. असला हक्क आपल्याला नको, असं माझं मत आहे. आणि आपल्या घटनाकारांचंही तेच मत होतं.

हे फार कमी लोकांना माहीत असतं. १९३१च्या कराची काँग्रेसच्या ठरावात नागरिकांना नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क असावा असं म्हटलं होतं. त्याला कारण होतं. १८७८च्या शस्त्र कायद्यानं इंग्रजांनी हिंदी माणसाला निःशस्त्र केलं आणि गोऱ्यांना सूट दिली. तो अपमान पिढ्यानपिढ्या लोकांच्या मनात होता. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत ह. वि. कामत यांनी तो हक्क घटनेत घालावा अशी दुरुस्ती सुचवली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी विरोध केला. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा की ज्याला हवं त्यानं शस्त्र बाळगावं असा सरसकट मूलभूत हक्क कोणतंही राज्य मान्य करणार नाही. दुरुस्ती फेटाळली गेली. म्हणून आपल्याकडे शस्त्र बाळगणं हा हक्क नाही, ती परवान्याची बाब आहे.

पण बाबासाहेबांच्या या भूमिकेला एक दुसरी बाजू आहे आणि ती आपण विसरतो. नागरिकाच्या हातात शस्त्र द्यायचं नाही असं राज्य म्हणत असेल, तर त्याच्या रक्षणाची जबाबदारी राज्यानं घेतली आहे, असा त्याचा अर्थ होतो. ठाण्यात तीनदा गेलेल्या बाईला “घरात मिटवा” असं सांगितलं जातं, तेव्हा त्या सौद्यातली सरकारची बाजू मोडलेली असते. स्टनगनचा प्रश्न तिथून सुरू होतो. ती मुलगी हौसेनं टॉर्च घेऊन फिरत नव्हती.

मग मॅसॅच्युसेट्समध्ये पुढं काय झालं? हा भाग मला सगळ्यात शिकण्यासारखा वाटतो. एप्रिल २०१८ मध्ये, दुसऱ्या एका आरोपीच्या खटल्यात, त्याच राज्याच्या न्यायालयानं बंदी पूर्णपणे घटनाबाह्य ठरवली. पण न्यायालयानं असंही सांगितलं की पूर्ण बंदी चालणार नाही, नियमन चालेल. त्याच जुलैमध्ये विधिमंडळानं नवा कायदा केला. स्टनगनला परवाना लागेल असं ठरलं. आणि त्याच कायद्यात आणखी एक तरतूद आली. एखादा माणूस स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करील असा धोका असेल तर त्याच्या घरातली माणसं थेट कोर्टात जाऊन त्याची शस्त्रं आणि परवाना काढून घेण्याचा हुकूम मागू शकतात. जुना कायदा विचारायचा, पर्समध्ये काय आहे? नव्या कायद्यानं आणखी विचारलं, धोका कोणापासून आहे?

इतर राज्यंही वळली. न्यू जर्सीनं कोर्टात बंदीचा बचाव करणं सोडलं आणि १८ वर्षांवरच्या माणसाला ती बाळगता येईल असे नियम केले. न्यूयॉर्कची बंदी २०१९ मध्ये एका केंद्रीय न्यायाधीशानं घटनाबाह्य ठरवली. ऱ्होड आयलंडची २०२२ मध्ये. हवाईनं स्वतःच कायदा बदलला आणि २०२२च्या सुरुवातीपासून वय, विक्रेत्याचा परवाना, खरेदीदाराची पार्श्वभूमी तपासणी अशा अटी घालून विक्री सुरू केली. म्हणजे प्रश्न ‘बंदी की मोकळीक’ एवढाच नव्हता. मधे बरीच जागा होती. कोणाला विकायची, कोणत्या वयाला, ज्याच्यावर मारहाणीचे गुन्हे आहेत त्याला द्यायची का, विकणाऱ्यानं नोंद ठेवायची का. शहाणं नियमन या जागेत होतं.

आणि नियमन लागतंच. स्टनगन म्हणजे खेळणं, असं कोणी समजू नका. रॉयटर्स वृत्तसंस्थेनं २०१७ मध्ये अमेरिकेतल्या नोंदी तपासल्या, तेव्हा पोलिसांनी टेझर वापरल्यानंतर माणूस मेल्याची हजाराहून जास्त प्रकरणं त्यांना सापडली. प्रत्येक मृत्यू टेझरनंच झाला असं नाही. पण हृदयाचा त्रास असलेला, नशेत असलेला, आजारी माणूस धोक्यात असतो. विजेचा झटका हे छळाचंही साधन आहे. २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी समितीनं टेझरच्या एका प्रकाराबद्दल म्हटलं होतं की त्याची वेदना छळात मोडू शकते. युरोपीय संघानं २००५ पासून अशा उपकरणांच्या निर्यातीवर नियंत्रण आणलं, कारण ती कुठल्या तुरुंगात, कुठल्या कोठडीत पोचतील याची खात्री नसते. आणि साधी गोष्ट ध्यानात घ्या. जी टॉर्च बायको पर्समध्ये ठेवू शकते ती नवराही खिशात ठेवू शकतो. तो अंगानं मोठा असेल तर तिच्या हातातून हिसकावूनही घेऊ शकतो.

आता आपल्याकडे येऊ. सोमवारी ती मुलगी आली तेव्हा मी तिला काय सांगितलं?

मी तिला १९५९चा शस्त्र कायदा दाखवला. त्यातली शस्त्राची व्याख्या फार रुंद आहे. हल्ला किंवा बचाव यासाठी हत्यार म्हणून बनवलेली कोणत्याही प्रकारची वस्तू. ‘बचाव’ हा शब्द लक्षात घ्या. माझा हेतू बचावाचा होता म्हणून वस्तू व्याख्येतून सुटत नाही. घरकामाच्या, शेतीच्या वस्तू, काठी, हातातली साधी छडी, खेळणी, ही वगळली आहेत. २०१६च्या शस्त्र नियमांमध्ये तर माणसाला विजेनं निष्प्रभ करणाऱ्या उपकरणांचा वेगळा उल्लेख आहे. मी म्हटलं, “बेटा, वेबसाइटवर ‘सेफ्टी टॉर्च’ लिहिलंय, ‘लायसन्सची गरज नाही’ लिहिलंय. पण हे लिहिणारा दुकानदार तुझ्या बाजूनं कोर्टात उभा राहणार नाही. परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याकडून लेखी उत्तर मिळेपर्यंत ही जवळ ठेवू नकोस. तुझी केस तू मजबूत करायला आलीयस. उद्या नवऱ्याच्या वकिलाला हे कळलं तर तक्रारदार तू आणि आरोपीही तू.”

ती गप्प बसली. मग म्हणाली, “म्हणजे तो उभा राहिला तर चालतं आणि मी टॉर्च ठेवली तर नाही.”

मला काएतानोची आठवण झाली.

इथं जमलेल्या मुलांना मला वेगळं सांगायचं आहे. तुमच्यापैकी कित्येक जण रात्रीच्या गाडीनं प्रवास करता, डिलिव्हरीचं काम करता, हॉस्टेलवर राहता. बॅगेत अशी वस्तू असावी असं वाटू शकतं. मी म्हणते, नको. कारण कायद्याची व्याख्या जितकी रुंद, तितका तपासणाऱ्याचा अधिकार मोठा. एकाच्या बॅगेत सापडली तर समज देऊन सोडतात आणि दुसऱ्याच्या बॅगेत सापडली तर नाव विचारल्यावर चेहरा बदलतो. हे मी तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. तुमच्यातल्या काहींनी हे अनुभवलंय, मला ठाऊक आहे.

हा अनुभव फक्त आपला नाही. न्यूयॉर्कमध्ये घराबाहेर पिस्तूल बाळगण्याच्या परवान्यासाठी अधिकाऱ्याला ‘योग्य कारण’ पटवून द्यावं लागायचं. कारण योग्य आहे की नाही हे तोच ठरवायचा. हा नियम सर्वोच्च न्यायालयात गेला. तेव्हा गरिबांचे खटले लढवणाऱ्या सरकारी बचाव वकिलांनी, ज्यांत कृष्णवर्णीय वकीलही होते, कोर्टाला लेखी सांगितलं की या नियमाखाली तुरुंगात जातात ते आमचे पक्षकार, बहुतेक काळे आणि लॅटिनो. एरवी हे वकील बंदूकवाल्यांच्या बाजूला उभे राहणारे नव्हेत. तरी ते या प्रश्नावर उभे राहिले. २०२२ मध्ये न्यायालयानं तो नियम रद्द केला. त्या निकालाशी तुम्ही सहमत असा वा नसा, मला त्या वकिलांचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. नियम कागदावर सर्वांना सारखा असतो, पण तो पडतो कोणावर? कोणताही नियम वाचताना हा प्रश्न विचारायची सवय तुम्ही लावून घ्या. आणि आपला कायदा याबाबत काय म्हणतो तेही बघा. आपल्या शस्त्र कायद्याच्या १४व्या कलमात स्पष्ट लिहिलंय की अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येणार नाही. गरिबाचा विचार कायदा करणाऱ्यांनी केला होता. प्रत्यक्षात काय होतं ते तुम्ही शोधायचं.

तपासणीत कधी अडकलात तर तीन गोष्टी लक्षात ठेवा. हुज्जत घालू नका, पळू नका. झडती आणि जप्तीचं ध्वनिचित्रमुद्रण करावं असं नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या १०५व्या कलमात आहे, ते नम्रपणे सांगा. अटक झाली तर तिचं कारण कळण्याचा आणि आपल्या पसंतीचा वकील घेण्याचा हक्क घटनेच्या २२व्या अनुच्छेदानं दिलेला आहे. कोरा कागद पुढं आला तर सही करू नका.

परदेशी शिकायला जाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लिहून घ्या. इंग्लंडमध्ये स्टनगन १९६८च्या कायद्याखाली सरळ बंदी असलेलं शस्त्र आहे, बंदुकीच्या रांगेतलं. इथून ‘सेफ्टी’ म्हणून बहिणीच्या बॅगेत टाकून दिलेली टॉर्च तिचं शिक्षण संपवू शकते.

मग बचावाचं काय? बचावाचा हक्क आपल्याला आहे. भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत तो आहे. अंगावर आलेल्या माणसाला हातातल्या छत्रीनं, पिशवीनं, दगडानं रोखणं हा गुन्हा नाही. पण मर्यादा आहेत. गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ होता तर हा हक्क सांगता येत नाही. मिरपुडीच्या फवाऱ्यालाही हे लागू आहे. २०२४ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानं एका भांडणाच्या प्रकरणात तो फवारा घातक हत्यारासारखा मानला आणि गुन्हा रद्द करायला नकार दिला. जीवाला धोका नसताना वादावादीत तो वापरला होता म्हणून.

त्या मुलीसाठी आम्ही दुसरा रस्ता धरला. २००५चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा. हा कायदा सगळ्या धर्मांच्या बायकांना सारखा लागू आहे, हे आपल्या मोहल्ल्यांत अजून पुष्कळांना माहीत नाही. आपलं शादी-तलाकचं कायद्यानं वेगळं आहे म्हणून हाही आपल्याला नाही, असं बायकाच मला सांगतात. तसं नाही. १२व्या कलमाखाली अर्ज केला. कायदा म्हणतो पहिली तारीख तीन दिवसांत आणि निकालाचा प्रयत्न साठ दिवसांत. आम्हाला त्याहून बराच जास्त वेळ लागला, ते खोटं कशाला सांगू. पण संरक्षणाचा हुकूम मिळाला. कामाच्या जागी, घराजवळ त्यानं यायचं नाही. हुकूम मोडला तर ३१व्या कलमाखाली तो स्वतंत्र गुन्हा, एक वर्षापर्यंत कैद. त्या हुकुमाची प्रत तिनं पर्समध्ये ठेवली. टॉर्च भावानं विकणाऱ्याला परत पाठवली.

एकदा तो आलाच. तिनं ११२ला फोन लावला आणि हुकुमाचा क्रमांक सांगितला. गाडी आली. पूर्वी जिथं “घरात मिटवा” म्हणाले होते त्याच ठाण्यातली. या वेळी त्यांच्यासमोर कोर्टाचा कागद होता, म्हणून त्यांनी नोंद घेतली. मी खूश झाले. ती मात्र म्हणाली, “आपा, गाडी यायला बावीस मिनिटं लागली. बावीस मिनिटं मी दवाखान्याच्या संडासात कडी लावून बसले होते.”

या वाक्याला माझ्याकडे उत्तर नाही. काएतानोचं म्हणणंही तेच होतं. हुकूम होते, कागद होते, पण त्या रात्री फाटकाबाहेर ती एकटी होती. मी टॉर्च परत पाठवायला लावली ते कायद्यानं बरोबर होतं. पण त्या बावीस मिनिटांत मी तिच्या हातात दुसरं काही दिलं नव्हतं, हेही खरं आहे.

म्हणून तुमच्याकडे माझ्या दोन मागण्या आहेत. पहिली मागणी विचारांची. या वस्तूंबद्दलचे नियम स्पष्ट असावेत, साध्या मराठीत असावेत, विकणाऱ्यावर जबाबदारी टाकणारे असावेत आणि ज्याच्यावर मारहाणीचा इतिहास आहे त्याला अडवणारे असावेत, हे आपण मागितलं पाहिजे. आज ऑनलाइन विकणारा सुटतो आणि विकत घेणारी अडकते. तुमच्यातले कायद्याचे विद्यार्थी परवाना अधिकाऱ्याकडे माहितीच्या अधिकारात प्रश्न विचारू शकतात. उत्तर आलं की ते छापू आणि मोहल्ल्यात वाटू.

दुसरी मागणी कामाची. तुमच्या तालुक्याचे संरक्षण अधिकारी कोण आहेत, कुठं बसतात, हे शोधून काढा. ११२ आणि १८१ हे दोन क्रमांक मशिदीच्या, शाळेच्या, दवाखान्याच्या फलकावर लावा. जिला असा हुकूम मिळालाय तिच्या घरी दोघी-तिघी जाऊन या. आणि रात्री आठला कामावरून सुटणाऱ्या बाईबरोबर घरापर्यंत चालत जाणाऱ्या चार माणसांची यादी करा, बायकांची आणि पुरुषांची. आमच्याकडे अशी यादी झालीय. सुरुवातीला त्यात तीन नावं होती, त्यातलं एक माझ्या कारकुनाचं, तोच जो ठिणगी बघून दचकला होता.

ती अजून त्याच दवाखान्यात काम करते. परवा भेटली तेव्हा म्हणाली, “आपा, आता पोचायला उशीर होतो. सगळे वाटेत चहाला थांबतात.”

आता तुमचे प्रश्न घेऊ.